विहिरीतली मंडळी

माझ्या थोरल्या दिरांइतका माणसांशी भांडणारा आणि माशांशी गोडीनं वागणारा माणूस साऱ्या खान्देशात दुसरा झाला नसेल. पारोळ्याच्या पुढं बोरी नदीच्या काठावर आमचं गाव. गावात सगळे त्यांना आबा म्हणत. कपाशी आणि ज्वारीचं शेत, घरामागं विहीर, आणि त्या विहिरीत त्यांची "मंडळी". मंडळी म्हणजे मासे. गावातल्या पुष्कळ विहिरींत कोणी ना कोणी मासे सोडलेले असत, पाणी साफ राहतं म्हणून. पण सोडून लोक विसरून जात. आबा विसरत नसत. सकाळी उठले की आधी देवाला नाही, विहिरीला रामराम. काठावर दोन्ही हात टेकून, धोतर सावरून आत वाकायचे आणि विचारायचे, "काय मंडळी, बठ्ठा शेतस ना?" सगळे आहेत असं मंडळींनी वर येऊन सांगितलं की मगच बायकांनी पोहरा सोडायचा. कधी एखादा मासा झोपेत असला, वर यायला उशीर झाला, की आम्ही गल्लीतल्या साऱ्या जणी रिकाम्या घागरी कमरेवर घेऊन उभ्या. माझ्या थोरल्या जाऊबाई, त्यांना मी अक्का म्हणायची, चुलीपाशी दूध उतू जाताना तिथून ओरडायच्या, "अहो, हजेरी झाली का शाळेची?"

अक्का फैजपूरकडच्या. त्यांची बोली आमच्यापेक्षा वेगळी आणि जीभ आमच्यापेक्षा तिखट. "माशाईशीच लगन लावायचं व्हतं तुम्ही, मले कायले आनलं?" असं त्या आठवड्यातून एकदा तरी म्हणत. त्यांना राग यायला कारणही होतं. विहिरीत एक म्हातारा मरळ होता, हाताएवढा लांब, काळा, तोंड मोठं. तो लहान मासे गिळायचा आणि स्वतः मात्र कोणाच्या हाती लागायचा नाही. आबांनी त्याचं नाव सासरेबुवा ठेवलं होतं. "दिसी त्याले गिळस, अन् देवानं काहीच नही," असं ते त्याचं कारण सांगत; म्हणजे दिसेल ते गिळायचं, द्यायचं मात्र काहीच नाही. अक्कांचे वडील एकदा केळीचा घड घेऊन लेकीला भेटायला आले, तर आबा त्यांना पाय धुवायला विहिरीवर घेऊन गेले आणि आत बोट दाखवून म्हणाले, "या, तुमची ओळख करून देतो." नाव ऐकून म्हाताऱ्यांना खूप कौतुक वाटलं. जावयानं आपल्या नावानं मासा पाळला म्हणून त्यांनी गावी जाऊन सगळ्यांना सांगितलं. अक्का मात्र दोन दिवस आबांना भाकरीबरोबर नुसती मिरची वाढत होत्या.

आमच्याकडं त्या वेळी धाकट्या सुनेनं थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. मी तर मुळातच कमी बोलणारी. पदर पुढं ओढून भिंतीला लागून जायची. पण एका घरात राहायचं तर काही सांगावं लागतंच. आबांनी त्यावर तोड काढली. ते विहिरीत बघून म्हणायचे, "मंडळी, चहा भेटी का?" मी घागरीकडं बघून म्हणायची, "साखर संपली आहे." मग ते माशांना सांगायचे, "गूळना चाली." अशी आमची वर्षानुवर्षं बोलणी झाली. माझ्या माहेरची माणसं आली की त्यांना वाटायचं, या घरात सगळ्यांनाच काहीतरी झालंय.

कोणी असं समजू नये की आबा मासे खात नव्हते. चांगले खात. नदीतला मासा म्हणजे भाजी आणि विहिरीतला मासा म्हणजे घरचा, असा त्यांचा कायदा होता. डोहावर गळ टाकून बसले की दुपार कधी झाली ते त्यांना कळत नसे. पण पावसाळ्याच्या तोंडी गळ खुंटीला. त्या दिवसांत नदीला पाणी आलं की मासे प्रवाहाच्या उलट वर चढतात, पोटात अंडी असतात. गावातली पोरंसोरं, बाप्ये, सगळे टोपल्या घेऊन बंधाऱ्यावर उभे राहत. आबा काठी घेऊन तिथं जात. "अरे, लेकी बाळंतपणले माहेर ई ऱ्हायन्यात, अन् तुम्ही टोपला लई उभा!" एकानं विचारलं, "आबा, मंग जवाई कोठे शेतस?" आबा म्हणाले, "मांगून येतस. तुनासारखा. फक्त जेवाले." त्या दिवशी बंधाऱ्यावर सगळे एवढे हसले की निम्म्या लेकी वर निघून गेल्या.

एकदा आम्ही सगळे भुसावळला गेलो होतो. आमचे एक नातेवाईक रेल्वेत होते, त्यांच्या क्वार्टरमध्ये बारसं होतं. त्यांच्या पुढच्या खोलीत काचेची पेटी आणि त्यात लाल सोनेरी मासे. आबा बारशाच्या खोलीत गेलेच नाहीत. पेटीसमोर स्टूल ओढून बसले. काचेवर बोटानं टकटक करून प्रत्येकाची विचारपूस केली. यजमान मोठ्या हौसेनं सांगायला लागले की हा अमुक, हा तमुक, तर आबांनी मधेच विचारलं, "ते बठ्ठं ठीक शे. पण यासना गुन्हा काय?" जेवायला बोलावलं तर आबा आपल्या ताटातली पुरी घेऊन परत पेटीपाशी. पाणी गढूळ झालं, पुरीचं तूप वर तरंगायला लागलं, आणि बाळाच्या आईनं बाळ सासूकडं देऊन आधी मासे बादलीत काढले. परत येताना गाडीत अक्का खिडकीबाहेर बघत होत्या. आबा खुशीत होते. "थोडा येळ का व्हयेना, बादलीत मोकळा फिरनात," म्हणाले.

आता जे घडलं ते सांगते. आमच्याकडं त्या वर्षांत कपाशीवर हिरवी बोंडअळी पडायला लागली होती आणि फवारणी वाढत चालली होती. पाठीवर पंप बांधून दिवसभर फवारायचं आणि संध्याकाळी नदीच्या डोहात पंप धुवायचा, अशी सगळ्यांची सवय. पाणी जवळ, धुवायला सोपं. सकाळी डोहात लहान मासे पोट वर करून तरंगताना दिसायचे. लोक म्हणायचे, उन्हानं मेले असतील. आबा म्हणायचे, ऊन काय याच साली निघालं का? मग ते रोज संध्याकाळी डोहावर जाऊन भांडायला लागले. एकदा सात-आठ जण पंप घेऊन उभे आणि आबा पाण्याच्या वाटेत आडवे. कोणीतरी चिडून म्हणालं, "आबा, मंग पंप काय तुमना घर धुवाना का?"

आबा कधी हरले नाहीत हा त्यांचा मोठा दोष. ताबडतोब म्हणाले, "हा. मना घर धुवा."

आणि त्यांनी ते खरं केलं. विहिरीच्या वरच्या अंगाला, बांधाजवळ एक मोठा खड्डा खणला, शेजारी पाण्याचं पिंप ठेवलं, आणि येणाऱ्याला चहाही पाजायचा असं जाहीर केलं. चहा अर्थात मी करायची. चहामुळं म्हणा की आबांच्या जिभेच्या भीतीनं म्हणा, सारं गाव पंप धुवायला आमच्याकडं यायला लागलं. आबांचा थाट बघावा. खड्ड्यापाशी खाटेवर बसून सगळ्यांना धन्यवाद द्यायचे. माझ्या मालकांनी एकदा विचारलं, "दादा, खड्डा विहिरीच्या फार जवळ नाही का?" तर म्हणाले, "काळी माती शे. बठ्ठं पचाडी लेस." आणि डोह खरंच सुधारला. पाण्यावर पुन्हा मासोळ्यांच्या उड्या दिसायला लागल्या. आबा येईल त्याला हाताला धरून दाखवायला न्यायचे.

भादव्यात एका रात्री पाऊस असा कोसळला की छपरावरचे पत्रे वाजत राहिले. सकाळी नेहमीसारख्या आम्ही बायका घागरी घेऊन उभ्या होतो. आबा वाकले. "काय मंडळी," एवढंच म्हणाले आणि थांबले. मग त्यांनी मागं न बघता हात आडवा केला. आम्ही पुढं होऊन पाहिलं. खड्डा भरून वाहिला होता आणि त्याचा ओघळ बांधावरून सरळ विहिरीत उतरला होता. सगळे मासे वर आले होते. पोट वर करून. सासरेबुवा तेवढा अजून तोंड उघडत होता, मिटत होता. थोड्या वेळानं तोही थांबला.

आबांनी पोहऱ्याचा दोर कापून टाकला आणि काठावर बसले. हां हां म्हणता गाव गोळा झालं. बोलायची कोणाची हिंमत नव्हती, कारण त्या खड्ड्यात प्रत्येकाचा पंप धुतला गेला होता. शेवटी शेजारचे नाना पुढं झाले, खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "आबा, या नसतात ते आज बठ्ठास्ना लेकरं पाणी पेतात ना." खरंच होतं, मासे वर आलेले दिसले नसते तर ते पाणी घरोघर गेलं असतं. अक्का, ज्या एरवी त्या माशांना सवती म्हणायच्या, त्या पदर तोंडात धरून घरात गेल्या. मासे आबांनी स्वतः काढले आणि पडीक रानात खोल पुरले. कोणाला हात लावू दिला नाही.

मग विहीर उपसायला घेतली. मोटार लावली. पाणी नदीकडं जाऊ द्यायचं नाही म्हणून पडीक रानाला बांध घालून तिथं जिरवलं. गाळ काढला, कडा घासल्या, झऱ्याचं पाणी भरलं की पुन्हा उपसलं. खड्ड्यातली माती गाडीत भरून दूर नेली. सारं गाव राबलं, आणि पंप ज्यानं त्यानं आपापल्या रानाच्या कोपऱ्यात, पाण्यापासून लांब धुवायचा असं न सांगता ठरलं. त्या दिवसांत आबा मला काही सांगायचे नाहीत आणि मी त्यांना. आमच्यामधे बोलायला कोणी उरलंच नव्हतं.

विहीर नव्या पाण्यानं भरली. पाणी आरशासारखं. पण प्यायचं कोणी? बायका दुसऱ्या वाड्यातून पाणी आणून दमल्या होत्या. नाना म्हणाले, "आबा, डोहमातला दोन-चार मासा आनी सोडा. जगनात ते आम्ही भरसूत." बरोबरच होतं. पूर्वीपासून तसंच करत आले आहेत. आबा उठले, डोहावर गेले आणि घागरभर मासे घेऊन आले. बोटाएवढे, चांदीसारखे. सगळे विहिरीभोवती उभे. आबांनी घागर तिरपी केली. पाणी सांडायला लागलं आणि त्यांनी घागर सरळ केली. खाली ठेवली. नवा दोर लावलेला पोहरा आत सोडला, वर ओढला, आणि लोटाभर पाणी घटाघटा पिऊन टाकलं.

अक्कांनी जी किंकाळी फोडली ती नदीपलीकडं ऐकू गेली असेल. "मरायचं हाये का तुमाले? मासे आनले ना! मासे कायले आनले मग?"

आबा मिशा पुसत म्हणाले, "एकदाव मारात मी यासले. आते पहिले मी."

त्यानंतर ते रोज तेच पाणी पीत राहिले, दुसऱ्या कोणाला थेंब देईनात. मासे अंगणातल्या रांजणात, त्यांचं पाणी बदलायचं काम माझ्याकडं. अक्कांनी उपास धरले, नवस बोलल्या आणि चोवीस तास शिव्या दिल्या. पारोळ्याच्या डॉक्टरांकडं ओढत नेलं. डॉक्टरांनी पोट दाबून बघितलं, नाडी पाहिली आणि मिरची कमी खायला सांगितलं. गावातली माणसं रोज सकाळी काठावर वाकायच्या ऐवजी आमच्या ओसरीवर डोकवायला लागली. "आबा, शेतस का?" म्हणून विचारायची. कोणी म्हणायचं, "आते आबाच इहीरना मासा." आबा खाटेवरून हात वर करायचे. अमावस्या गेली तेव्हा एका सकाळी त्यांनी रांजण काठावर नेला आणि एकेक मासा ओंजळीत धरून, होईल तितकं आत वाकून सोडला. मासे खाली गेले ते दिसेनासे झाले. आबा दिवसभर तिथंच. जेवायला उठले नाहीत. ऊन उतरायला लागलं तेव्हा त्यांनी पाण्यावर टाकलेला भाकरीचा एक तुकडा हलला, आणि खाली ओढला गेला. आबांनी आमच्याकडं वळून बघितलं. नुसते, "शे," म्हणाले, "शे."

आता आबा नाहीत. विहिरीवर जाळी टाकली आहे आणि घरात नळ आला आहे. पाणी चांगलं येतं, सगळे तेच पितात. सकाळी हंडा भरला की मी झाकण ठेवायच्या आधी जराशी आत बघते. तळ स्वच्छ दिसतो. आत कोणी नसतं. पाणी बरं आहे का, हे विचारायचं कोणाला, ते काही कळत नाही. मग मी झाकण ठेवते.