बाकड्यावरचे स्प्रिंगकाका

स्प्रिंगकाकांना कंजूस म्हणणाऱ्यांनी आधी त्यांच्या दुकानात जाऊन यावं. सोफ्याला वरून झकास कापड लावायचं आणि आत काहीबाही कोंबायचं, असले कारागीर पैशाला पासरी. काका मात्र गिऱ्हाईकाला न दिसणाऱ्या जागीसुद्धा चांगला काथ्या भरणार, स्प्रिंगा स्वतःच्या हाताने बांधणार. आणि काम झालं की त्यावर बसून, डोळे मिटून, तीन उड्या मारणार. कुरकुर ऐकू आली नाही तरच सोफा दुकानाबाहेर. नाव पडलं ते त्यावरून. सवय इतकी हाडीमाशी खिळलेली की हा माणूस दाताच्या डॉक्टरकडे गेला तरी खुर्चीवर आधी तीन उड्या!

एका बाबतीत मात्र काका चिकट, हे मान्य करायलाच हवं. शहराच्या मधोमध जे अफाट उद्यान आहे ना, तिथे ते छदाम खर्च करत नाहीत. लग्न झालं तेव्हा एका खोलीत आईवडील, भाऊ-भावजय आणि हे दोघं. नवराबायकोला दोन शब्द बोलायचे तर उद्यान गाठायचं. खिशात खडखडाट, म्हणून फुकटात काय काय मिळतं ते दोघांनी हुडकून काढलं. पुढे दुकान चांगलं चाललं, तरी नियम मोडला नाही. मोडला की मजा गेली, असं काकू म्हणायच्या. त्यांना जाऊनही आता बरीच वर्षं झाली. काका अजून उद्यानात जातात, अजून मजा करतात. फक्त काही भारी दिसलं की "अगं, ते बघ" म्हणायला मान वळते आणि शेजारी कुणी नसतं. याचं त्यांना वाईट वाटायचं. फार वाईट वाटायचं.

थोरल्या बहिणीच्या नजरेतून हे सुटलं नाही. तिने एक स्थळ आणलं. इस्पितळातून नुकत्याच निवृत्त झालेल्या नर्सबाई. सगळं आयुष्य ड्युटीत गेलं, लग्न राहूनच गेलं. ताईच्या घरी चहाला दोघांची गाठ पडली. ताईने काकांना मुद्दाम लाकडी स्टुलावर बसवलं होतं. बाई एकदा खळखळून हसल्या आणि काकांनी चहात बिस्किटाऐवजी बोट बुडवलं.

"रविवारी भेटा परत," नंतर ताई म्हणाली. "चांगल्या हॉटेलात ने त्यांना."

"उद्यानात नेतो."

ताईने कपाळाला हात लावला. "अरे देवा! मागची दोन स्थळं तिथूनच पळाली ना? बरं, ने बाबा. पण बाकड्यावर माकडासारख्या उड्या मारायच्या नाहीत. माणसासारखं बसायचं. ही बाई गेली तर पुन्हा तुझ्यासाठी मी कुणाचे उंबरठे झिजवणार नाही, सांगून ठेवते!"

काकांनाही ही बाई हातची जाऊ द्यायची नव्हती. "एकही उडी नाही, शप्पथ," ते म्हणाले.

आणि रविवार असा रंगला म्हणता! बँडच्या कार्यक्रमाला संध्याकाळी तिकीट असतं, पण सकाळची तालीम उघड्यावर. ट्रम्पेटवाला एकाच जागी पुन्हा पुन्हा घसरत होता आणि बँडमास्तर दर वेळी टोपी काढून आपटत होता. नर्सबाईंची हसून मुरकुंडी वळली. मग बुद्धिबळवाल्या म्हाताऱ्यांचा अड्डा, तिथे दोघं खेळतात आणि बाकीचे भांडतात. मग कारंज्यामागची ती जागा, वाऱ्याच्या बाजूला उभं राहिलं की तोंडावर गार तुषार. मग घरून आणलेला डबा, हिरवळीवर.

"तीस वर्षं मी हे सगळं नुसतं खिडकीतून बघितलं," बाई म्हणाल्या. "ड्युटी सुटली की कधी एकदा पलंगावर पडते असं व्हायचं. आत पाऊल टाकतेय ते आज."

काका खूश. फक्त बसायची वेळ आली की हे अंड्यावर बसल्यासारखे ताठ. "पाठ दुखते का तुमची?" बाईंनी दोनदा विचारलं.

घोडं अडलं ते तळ्यापाशी. "होडीत बसू या का?" बाईंनी सहज विचारलं.

"होड्या ना, पुलावरून बघायला जास्त मजा," काका घाईघाईने म्हणाले. "वल्ही अडकतात, माणसं भांडतात..."

"बरं," बाई म्हणाल्या आणि पुलाकडे चालू लागल्या.

संसार केलेल्या माणसाला या 'बरं'चा अर्थ सांगावा लागत नाही. नियम गेला खड्ड्यात! काकूसुद्धा म्हणाल्या असत्या, अहो, बसवा की त्यांना होडीत. ते तरातरा तिकीट खिडकीपाशी गेले आणि खिशात हात घातला. किल्ल्या, रुमाल, कापडावर खुणा करायचा खडू. पाकीट नाही. उद्यानात येताना पाकीट घरी ठेवायचं, म्हणजे मोहच नको, ही वर्षानुवर्षांची सवय आज बरोब्बर आडवी आली होती.

काका मान खाली घालून परत आले. "पाकीट घरी राहिलं," म्हणाले, आणि मग त्यांना राहवेना. "राहिलं नाही. ठेवलं. दर वेळी ठेवतो."

"मी येणार होते तरी?"

"तरी."

बाईंनी डब्याची पिशवी उचलली. दोघं इस्पितळाकडच्या फाटकाकडे निघाले. संपलं सगळं, काकांच्या मनात आलं. फाटकाजवळ त्यांचं आणि काकूंचं जुनं बाकडं होतं. आज तिथे यायचं नाही असं त्यांनी ठरवलं होतं, पण आता कसलं काय. ते धपकन बसले आणि शपथबिपथ विसरून, डोळे मिटून, तीन उड्या मारून मोकळे झाले.

"थांबा," बाई ओरडल्या. "परत करा ते!"

"काय?"

"उड्या! अहो, ते तुम्ही? उडीवाले?" बाईंनी फाटकापलीकडच्या तिसऱ्या मजल्याकडे बोट केलं. "तो माझा हाडांचा वॉर्ड. पाय टांगलेले पेशंट, त्यांना धड वळता यायचं नाही. पडल्या पडल्या त्यांना खिडकीतून एवढं बाकडंच दिसायचं. रविवार उजाडला की एकच विचारणा, सिस्टर, उडीवाले आले का? तुम्ही बसलात की हसून पलंग हलायचे. मी ओरडायचे, टाके तुटतील मेल्यांनो!"

काकांनी मान वर करून तिसऱ्या मजल्यावरच्या खिडक्या मोजल्या.

"शेजारी एक बाई असायच्या, तोंडावर हात धरून हसणाऱ्या," त्या हळू आवाजात म्हणाल्या. "मग त्या दिसेनाशा झाल्या. तुम्ही यायचात, पण नुसते बसायचात. आम्हाला कळलं. आणि एका रविवारी तुम्ही परत उड्या मारल्यात. अहो, टाळ्या वाजवल्या सगळ्यांनी! ज्यांचे हात प्लास्टरमध्ये होते त्यांनी पलंग बडवले. मी त्या दिवशी ड्युटीवर रडले."

काकांचे डोळे घळाघळा वाहू लागले. खडूने पांढरा झालेला रुमाल फिरवून त्यांनी तोंड आणखी घाण करून घेतलं. "म्हणजे इतकी वर्षं तुम्ही मला फुकट बघत होतात?"

"छदाम न देता," बाई म्हणाल्या. "आणि आज सकाळपासून मनात म्हणतेय, हा माणूस किती शिष्ट! सरका जरा तिकडे."

बाई बसल्या. मग दोघांनी मिळून, मोजून, तीन उड्या मारल्या. बाकडं करकरलं.

"अहो, ते बघा," बाई म्हणाल्या.

काकांनी मान वळवली. तिसऱ्या मजल्यावरच्या खिडकीत कुणीतरी प्लास्टरमधला हात हलवत होतं.