मुख्य मशीन हिप्परग्यात

आळंदच्या स्टँडवर सोलापूरची गाडी लागली होती आणि अप्पा माझं नेमणुकीचं पत्र चौथ्यांदा वाचत होते. उजेडाकडं धरून, उलटंपालटं करून, शिक्क्यावर बोट फिरवून. मला पुण्यात व्हिडिओ गेम तपासायची नोकरी लागली होती आणि त्यांच्या लेखी याहून संशयास्पद गोष्ट दुसरी नव्हती. "खेळायचा पगार कोण देतंय रं? पैसे मागायलेत म्हणून दिसलं की उलट पावली ये," एवढंच ते म्हणाले. त्यांच्या मागं उभी राहून अक्का हसत होती. गाडी हलली तेव्हा मात्र तिचं हसू गेलं आणि ती उगीचच पदर सारखा करत दुसरीकडं बघायला लागली.

मादन हिप्परग्यात आमचं दुरुस्तीचं दुकान. मिक्सर, टीव्ही, विहिरीवरच्या मोटारींचे स्टार्टर. अप्पा नवी कोरी वस्तूसुद्धा आधी खोलून बघणार, मग चालू करणार. "खोलल्याबिगर भरोसा ठेवू नगं" हे त्यांचं वाक्य मी पाढ्यांच्या आधी शिकलो असेन. दुधानं तोंड पोळलं की लोक ताक फुंकून पितात. आम्ही दूध न पिताच ताक फुंकणारी माणसं.

अक्का माझ्यापेक्षा तीन वर्षांनी मोठी. कलबुर्गीहून आणलेल्या, टीव्हीला जोडून खेळायच्या जुन्या कन्सोलवर आम्ही दोघं दुकानाच्या मागच्या खोलीत खेळायचो, आणि जिंकायची तीच. डिप्लोमाला जायचं तिच्याही मनात होतं. पण अप्पांची नजर कमी व्हायला लागली होती, दुकानाला एक माणूस हवं होतं, आणि दोघांपैकी एकालाच सोडता येत होतं. अप्पांनी मला सोडलं. अक्का त्यावर कधी बोलली नाही. मीही बोललो नाही, कारण ते माझ्या सोयीचं होतं.

पुण्यात मला पगारच संशयाचा मिळतो. दिवसभर भिंतींना धडका मारायच्या आणि कुठल्या भिंतीतून माणूस आरपार जातो ते लिहून काढायचं. पाचशे चुका लिहून द्याव्यात, त्यातल्या शंभर दुरुस्त व्हाव्यात, आणि ठरलेल्या तारखेला खेळ बाजारात यावा, हे मी इतक्यांदा बघितलंय की नव्या खेळाची जाहिरात दिसली की माझी भुवई आपोआप वर जाते. पहिल्याच दिवशी भलंमोठं अपडेट म्हणजे माल कच्चा असताना विकलाय, हे सरळ समजावं. वर्षभर आधी पैसे भरून घेणाऱ्यांवर तर माझा काडीचा विश्वास नाही. खेळ अजून कुणी पाहिलेला नसतो आणि लोक त्यावरून एकमेकांची आईबहीण काढत असतात. बाजारात तुरी म्हणतात ते हेच. आमच्याकडच्या तुरी निदान शेतात उभ्या तरी दिसतात.

जुनेच खेळ नवा रंग लावून परत विकणं, दर महिन्याला पैसे घेऊन शंभर खेळ दाखवणं आणि त्यातला आपला आवडता गुपचूप काढून टाकणं, सर्व्हर बंद करून "तुमच्या प्रेमाबद्दल आभार" मानणं, या सगळ्यात मला डाव दिसतो. सगळ्यात मोठा डाव तबकडीचा, म्हणजे खेळाच्या डिस्कचा. नव्या कन्सोलला तबकडी घालायची फटच ठेवत नाहीत. म्हणे लोकांना नको आहे. कुठल्या लोकांना विचारलं, कोण जाणे. पूर्वी खेळ कपाटात असायचा, मित्राला देता यायचा. आता पैसे मोजूनही आपल्याला मिळते ती नुसती खेळायची मुभा. हे मी एकदा सुट्टीत अप्पांना समजावून सांगितलं. त्यांनी हातातला पाना खाली ठेवला. "मंजे मशीन तुझं, पैसे तुझे, अन् परवानगी तिसऱ्याची? कामून घेतलास असलं?"

माझ्यासारखे जे बाहेर पडलेत त्यांना ठाऊक आहे, आपण घरी काही ना काही पाठवत राहतो. कुणी फ्रिज पाठवतं, कुणी मोबाइल. मी माझ्यासाठी नवा कन्सोल घेतला तेव्हा तसाच एक अक्काला पाठवला. यात एक सोय असते. खेळ एकदाच विकत घ्यायचा आणि आपल्या अकाउंटचं एक मुख्य मशीन ठरवायचं. त्या मशीनवर खेळ नेटशिवाय, घरातल्या कुणाच्याही नावानं चालतो. दुसऱ्या मशीनवर आपण स्वतः खेळू शकतो, पण तिथं नेट लागतंच. नेट गेलं की खेळावर कुलूप. हिप्परग्यातल्या नेटचा काय भरवसा, म्हणून मुख्य मशीन तिथलं ठेवलं. अक्कालाही हे सगळं माहीत होतं. मी फोनवर सांगत गेलो आणि सेटिंग तिनंच केलं.

ती शहर वसवायचा एक खेळ खेळायची. रस्ते, पाण्याच्या टाक्या, बाजार, एक मोठं तंत्रशाळेचं आवार. दोन वर्षं ती ते शहर वाढवत होती आणि अधूनमधून मला फोटो पाठवायची. मग फोटो थांबले. कन्सोल नेटवर असला की माझ्या यादीत त्या माणसाचं नाव हिरवं होतं, तिचं कधी हिरवं दिसेना. मी माझ्या स्वभावाप्रमाणे निष्कर्ष काढला की हिनं खेळणं सोडलंय, मशीन धूळ खातंय, आणि मला वाईट वाटू नये म्हणून "खेळायले की" असं सांगते.

या वर्षी मी फ्लॅट बदलला. नव्या जागी नेटवाला आज येतो, उद्या येतो करत होता, आणि त्याच आठवड्यात मी सात वर्षं वाट बघितलेला खेळ आला. जुन्या जागेवरच डाउनलोड करून ठेवला होता. समोर होता, पण कुलूपबंद. त्या खोलीत मोबाइलचं नेट टिकत नव्हतं, ते जेमतेम जोडलं आणि पाच मिनिटांत मुख्य मशीन पुण्याचं करून टाकलं. अक्काला विचारलं नाही. नंतर वाचलं की ही अदलाबदल वर्षात ठरावीक वेळाच करता येते, आणि माझी ही शेवटची वेळ होती, बाकीच्या आधी मशीन दुरुस्तीला गेलं तेव्हाच संपल्या होत्या. म्हटलं, असू दे, ती खेळतेय कुठं.

तो खेळ कसा निघाला म्हणाल, तर कच्चा.

पंधरा दिवसांनी, एका रविवारी दुपारी अक्काचा फोन आला. इकडचं तिकडचं झाल्यावर म्हणाली, "माझं शहर बंद पडलंय रं. काल जरा नेट जोडलं, तवापासून कुलूप दाखवायलंय."

मी विचारलं, "तू खेळत होतीस?"

"रोज दुपारच्याला. मोबाइल दुकानात अप्पांकडं ऱ्हातो, मंग नेट कुठलं? बिगर नेटचंच खेळायले मी." मग तिचा आवाज जरा चढला. "अप्पा म्हणायलेत, त्यानंच मुख्य मशीन तिकडलं केलं असंल, इचार त्याला. लई भांडले मी त्यांच्याशी. म्हनलं, त्यो कामून करंल? कंपनीवालेच असले चोर हायत, तूच सांगायलास न्हाई का? तुझं बी बंद पडलंय का?"

मी म्हणालो, "व्हय. माझं बी."

"जाऊ दे, वाईट वाटून घेऊ नगं," असं म्हणून तिनंच माझी समजूत काढली.

त्या दिवसापासून मला माझ्या कन्सोलकडं बघवत नाही. उपाय तसा सोपा आहे. मुख्य ठरलेलं हे मशीन उचलून हिप्परग्याला न्यायचं, आणि तिचं मी इकडं आणायचं. तिचं शहर जुन्या मशीनमधून यात घेता येतं, ते मी तपासून बघितलंय. येत्या शनिवारी निघतोय. पण काही न सांगता दिलं तर ती गल्लीभर सांगेल, भावानं स्वतःचं मशीन मला दिलं म्हणून. ते मी कुठल्या तोंडानं ऐकू? म्हणून आधी हे लिहून तिला पाठवतोय.

लोक मला विचारतात, इतकी वर्षं झाली, आता घर कुठलं? पुण्यातल्या जागेच्या दोन किल्ल्या माझ्याकडं आहेत, आणि हिप्परग्याची एकही नाही. तरी उत्तर तेच येतं. सगळ्या दुनियेवर संशय घेणाऱ्या त्या घरात माझ्या बाजूनं कुणीतरी भांडतं, मी त्या लायकीचा आहे का हे न तपासता. मला ते घर गमवायचं नाही, आणि खोटं बोलून राखायचंही नाही.

अक्का, अप्पांचं बरोबर होतं.