अज्ञात लेखकाचा भाऊ

बिबवेवाडीतले रावसाहेब घोलप पूर्वी कॉमिक्स भाड्याने देत. वाचनालय कधीच बंद झालं, तरी ‘वादळवीर’चे चाहते रविवारी त्यांच्या घरी जमतात. शेजारी म्हणून मीही जातो. वादळवीराच्या गोष्टी रावसाहेबांचा धाकटा भाऊ बजरंग लिहायचा. तो गेल्या वर्षी वारला.

परवा चाहत्यांनी नवी आवृत्ती काढायचं ठरवलं आणि लेखकाच्या नावावरून वाद पेटला.

“काका, ही स्टाइल मुंबईच्या लेखकाची वाटते,” शुभंकर म्हणाला. “पुरावा द्या, बजरंगकाकांचं नाव छापतो.”

“मुंबईचा लेखक वादळवीराला पर्वती चढताना धाप लागू देईल का?”

तनुजा हसली. “लॉजिक भारी आहे काका, पण प्रूफ नाही.”

लेखकाचं नाव फक्त मुखपृष्ठाच्या आतल्या बाजूला छापलेलं असे. अंक टिकावेत म्हणून रावसाहेब मुखपृष्ठं काढून टाकत आणि अंक शिवून पुठ्ठ्यात बांधत. आता तेवढेच अंक उरले आहेत.

“एखादं मुखपृष्ठ आतून चिकटवलं असेल,” म्हणत ते एकेक पुठ्ठा उचकटू लागले. शिवण उसवली, पानं सुटली.

“अहो काका, ही शेवटची प्रत आहे!” शुभंकर ओरडला.

ते थांबले नाहीत. पुठ्ठ्याखाली जुन्या कॅलेंडरचं पान निघालं.

‘लेखक अज्ञात’ छापायचं ठरलं. तनुजा हळूच म्हणाली, “अंक तुम्ही जपलेत काका. तुमचे आभार तरी छापतो.”

“नको,” रावसाहेब म्हणाले. “त्याचं नाव मीच फाडलंय. तिथे माझं नको.”