शालेय स्पर्धेत चालत नाही

घरातसुद्धा हे कुणाला ठाऊक नाही. बायकोला वाटतं, मी अंपायरांच्या नावाने बोटं मोडतो ते खेळाच्या प्रेमापोटी. तसं वाटू दिलं मी — इतकी वर्षं.

आणि बोटं मोडण्यासारखं होतंच की. नव्वदच्या दशकात नाशकात सॉफ्टबॉलचा अंपायर कसा व्हायचा? एका दुपारी व्याख्यान, चहा-बिस्कीट, टोपी — की झाला. सातपूरच्या कारखान्यात मशीनला हात लावण्याआधी मला कित्येक महिने नुसतं बघायला लावलं होतं. इथे दुसऱ्याच दिवशी मैदानात. हे मी तावातावाने ऐकवायचो. पण त्या व्याख्यानात मीच पेंगत होतो — ते कधी सांगितलं?

मुलींचा शालेय सामना, शेवटचा डाव. पेठकडच्या शाळेचा संघ एका रनने मागे, दोघी बाद. बॅटरचा तिसरा स्ट्राइक गेला आणि मी हात वर केला — आऊट. पण चेंडू कॅचरच्या हातून निसटला होता, आणि पोरगी पळत जाऊन पहिल्या बेसवर उभी होती. मी तिला परत बोलावलं.

"सर, बॉल सुटला ना पण. बाईंनी सांगेल हाय, सुटला का पळायचं."

बरोबर होतं तिचं. दोघी बाद असताना तिसऱ्या स्ट्राइकचा चेंडू कॅचरच्या हातून सुटला, तर बॅटरला पहिल्या बेसकडे पळता येतं — नियमच आहे तो, मला तिथेच आठवला, पण वर गेलेला हात खाली कसा आणायचा? म्हणालो, "शालेय स्पर्धेत चालत नाही ते." असं कुठेही लिहिलेलं नव्हतं. त्यांचा संघ हरला, बसने परत गेला.

इथवर चूक म्हणा. पुढचं काय म्हणाल? पुढे नव्या अंपायरांना मीच शिकवायला लागलो. पहिल्याच वर्गात कुणीतरी नेमकं हेच विचारलं. समोर त्या सामन्याला हजर असलेले दोघे बसलेले. मी फळ्यावर लिहिलं — शालेय स्पर्धेत चालत नाही. मग दरवर्षी लिहीत गेलो. आणि बाहेर ओरडत राहिलो, की इथे धड ट्रेनिंगच नाही.

बऱ्याच वर्षांनी पंचवटीतल्या एका मैदानावर मी पाहुणा म्हणून खुर्चीत होतो. अंपायर माझ्याच हाताखाली शिकलेली. तसाच चेंडू सुटला, तशीच एक मुलगी पळाली, आणि अंपायरने तिला माझ्याच शब्दांत परत बोलावलं. कोच भांडायला लागले तेव्हा तिने मोठ्या विश्वासाने माझ्याकडे बोट केलं — सरांना विचारा. सगळे वळले. बेसवरची मुलगीही माझ्याकडेच बघत होती.

मी मान डोलावली. ती बेस सोडून निघून गेली.