चिठ्ठीवरची मर्यादा

ताई संगणक जुळवत, आणि जुळवलेल्या प्रत्येक संगणकाच्या झाकणाला आतून स्वतःच्या अक्षरातली एक चिठ्ठी चिकटवत. प्रोसेसरने सलग किती वॅट वीज घ्यावी, क्षणभर किती घेतली तरी चालेल, काम नसेल तेव्हा त्याने किती गाढ झोपावे, पंखा कोणत्या तापमानाला जागा व्हावा, हे सगळे त्यात असे. खाली तारीख आणि सही. यंत्र मेल्याशिवाय झाकण कोणी उघडत नसे, म्हणून धाकटा भाऊ त्या चिठ्ठीला ‘ताईचं मृत्युपत्र’ म्हणे. या थट्टेचा ताईंना राग येत नसे. प्रोसेसर ज्यावर बसतो तो बोर्ड बनवणारे त्याला मोकाट सोडतात, वेसण घालण्याचे काम जुळणाऱ्याचे, असे त्यांचे मत होते. त्यासाठी त्या यंत्रावर दिवसभर भार टाकून बसत, पाच-पाच वॅटनी मर्यादा खाली आणत, आणि कामाचा वेग फारसा न घटता पंखा जिथे गप्प होई तिथे थांबत.

भाऊ यंत्र गिऱ्हाइकाकडे पोहोचवी आणि तक्रार आली की परत घेऊन येई. बोलणे त्याचे, हात ताईंचे, ही वाटणी बारा वर्षे बिनबोभाट चालली होती.

त्यांच्या एक गिऱ्हाईक, वाचनवाल्या बाई, अंधांसाठी पुस्तके वाचून ध्वनिमुद्रित करीत. यंत्र माइकपासून हातभर अंतरावर राहणार होते, म्हणून त्यांची अट एकच होती: आवाज नको. ताईंनी पासष्ट वॅटवर वेसण घातली. महिन्याभरातच बाईंची तक्रार आली, की वाचलेल्या प्रकरणाच्या मुद्रणातली खरखर यंत्र साफ करीत असताना पुढचे वाचायला घेतले की पंखा घोंघावतो आणि तो मुद्रणात उतरतो. भावाने यंत्र आणून दिले. ताईंनी तपासले, सगळे चिठ्ठीबरहुकूम होते. पुन्हा तक्रार, पुन्हा तेच. तिसऱ्या खेपेला ताईंनी फोनवर जरा कडकच सुनावले, की यंत्रात दोष नाही, खिडकी नीट लावून घ्या, आणि कानांचेही वय होत असते.

चौथ्या खेपेला बाई स्वतःच यंत्र घेऊन आल्या. भाऊ बाहेर गेला होता. बाईंनी यंत्र टेबलावर ठेवले, “एकदा शेवटचं बघा,” म्हणाल्या आणि गेल्या.

ताईंनी बोर्डाची मांडणी, म्हणजे त्यात भरलेले आकडे, पडद्यावर उघडली. सलग मर्यादेच्या रकान्यात चार हजार पंच्याण्णव हा आकडा होता. एवढी वीज कोणताच घरगुती प्रोसेसर घेत नाही, म्हणजे मर्यादा नावाला उरली होती. बोर्डात मांडणी नाव देऊन साठवता येते. त्या यादीत दोन नावे होती: ‘ताई’ आणि ‘गिऱ्हाईक’. पहिल्यात त्यांचे पासष्ट वॅट, त्यांनी ठरवलेली झोप, त्यांचा पंखा, सगळे जसेच्या तसे जपून ठेवलेले होते. चिठ्ठीही जागच्या जागी होती.

भावाने आल्यावर काही नाकारले नाही. यंत्र पोहोचवले की तो ‘गिऱ्हाईक’ हे नाव निवडून समोरच वेगाची चाचणी लावी, आणि मोकाट सोडलेल्या प्रोसेसरचा आकडा पाहून समोरच्याचा चेहरा खुले. मागाहून घरी कोणी चाचणी लावली तर आकडा उतरलेला दिसू नये, म्हणून ती मांडणी तशीच ठेवावी लागे.

“आकडा बघून माणूस यंत्र घेतो, ताई. तुझं मृत्युपत्र कोण वाचतं?”

“आणि माझ्याकडे तपासायला आणताना दर वेळी माझं नाव निवडायचास.”

“तुला वाईट वाटू नये म्हणून.”

चूक दोन कळा दाबून मिटवता येईल अशा समजुतीने त्याने ‘ताई’ निवडायला हात पुढे केला. त्यांनी तो बाजूला सारला. चिठ्ठी समोर धरून एकेक आकडा स्वतः भरला आणि दोन्ही नावे पुसून टाकली. गाडी काढू का, असे त्याने विचारले. त्यांनी शेजाऱ्याची गाडी मागवली.

बाईंच्या खोलीत त्यांनी आडपडदा न ठेवता सगळे सांगितले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतले. मग सांगितले, की अकरा प्रकरणे पुसावी लागली, दोन ठिकाणी कान तपासून झाले, आणि शेवटी यापुढे नवे पुस्तक देऊ नका असे त्यांनी पुस्तके पाठवणाऱ्या संस्थेला कळवूनही टाकले. ताईंनी यंत्र जोडले, एक लांबलचक प्रकरण साफ करायला लावले. दोघी बसून राहिल्या. खोलीत भिंतीवरच्या घड्याळाचा काटा तेवढा ऐकू येत होता.

“म्हणजे माझे कान ठीक होते.”

“हो.”

“तुम्ही म्हणाला होतात, वय झालं.”

“म्हणाले होते.”

“मग तेही लिहा. तिथे, आतल्या चिठ्ठीवर.”

ताईंनी यंत्र बंद करून झाकण उघडले. सहीच्या खाली बोटभर जागा होती. त्यांनी त्या दिवसाची तारीख घातली आणि लिहिले: आवाज यंत्राचाच होता. पुन्हा सही केली. बाईंनी चष्मा लावून ती ओळ वाचली, आणि झाकण स्वतःच्या हाताने बसवले.