दोरवाल्याची कावीळ

नाट्यगृहातला दोरवाला कुणाला दिसत नाही, आणि दिसलाच तर समजायचं की काहीतरी बिघडलंय. हा दोरवाला एकवीस वर्षं रंगमंचावरच्या माळ्यावर बसून पडदे ओढत होता, गाठी मारत होता. मग अडीच महिने खरोखरच नाहीसा झाला आणि परतल्यावर म्हणाला, कावीळ झाली होती.

कावीळबिवीळ काही नव्हती. आधी झोप उडाली, मग भूक, आणि मग भिंतीपलीकडून कुणीतरी आपल्याबद्दल बोलतंय असं ऐकू येऊ लागलं. बायकोने दंडाला धरून इस्पितळात नेलं. बरा होऊन निघाला तेव्हा तिनेच बजावलं, "कावीळ म्हणायचं. या कलाकारांचं काय, वेड्याचं सोंग केलं तर टाळ्या देतील. खरा निघाला तर दारात उभं करणार नाहीत." बाई फटकळ, पण खोटं बोलली नव्हती.

कावीळ म्हटल्यावर जो तो वैद्य झाला. रंगभूषावालीने तेल-तूप बंद करायला लावलं. दिवेवाल्याने त्याच्या पापण्या ओढून पिवळेपणा शोधला. हा नंदीबैलासारखा मान डोलावत राहिला. गोळ्या मोज्यात लपवलेल्या, आणि कुणी नुसतं खाकरलं तरी वाटायचं, कळलं यांना.

कळलं ते दाखल्यामुळे. डॉक्टरांनी 'कामास योग्य' असं लिहून दिलं, तेवढं वाचून हा शहाणा खूश. वरचा वेड्यांच्या इस्पितळाचा शिक्का मात्र व्यवस्थापकाने वाचला.

"बाबा रे, वर माणसं लटकतात," तो म्हणाला. "तुझ्या हातात कुणाचा जीव कसा देऊ? तू दारावर उभा राहा, तिकिटं फाड."

दोन तासांत सगळ्यांना कळलं. रंगभूषावाली त्याचा चहा हातात न देता खुर्चीवर ठेवू लागली.

नव्या नाटकात नटीबाई वीस फुटांवरून झोपाळ्यात बसून खाली यायच्या. रंगीत तालमीला झोपाळा बांधला गोदामातल्या गड्याने. गडी दांडगा, पण गाठ मारली पडद्याची. पडद्याचं ओझं गप्प लटकतं. झोपाळा हलतो, आणि हलला की ती गाठ सुटत जाते. नटीबाई झोपाळ्याच्या फळीवर बसायला निघाल्या तेव्हा दारातून त्याला ती गाठ दिसली.

बोललो तर म्हणतील, झालं याचं सुरू. आणि खरंच चुकलीय का गाठ? की मलाच तशी दिसतेय? नसलेले आवाज त्याने स्वतःच्या कानांनी ऐकले होते, मग डोळ्यांचा काय भरवसा? त्याने डोळे मिटले, उघडले, पुन्हा मिटले. गाठ तशीच होती.

"बसू नका!" तो ओरडला, तेही चिरक्या आवाजात.

"झटका आला! धरा त्याला," व्यवस्थापक म्हणाला. दोघांनी धरला.

"एक हिसका देऊन बघा," तो रडवेला होऊन म्हणाला. "मग मला न्यायचं तिथे न्या."

नटीबाईंनी दोर धरून हिसके दिले. तिसऱ्याला गाठ सुटली आणि फळी धाडकन आपटली. धरणाऱ्यांनी हात सोडले.

मग त्याने गाठ बांधली. तिथल्या दोरवाल्यांचा रिवाज असा, की जो बांधेल त्याने आधी बसायचं; गोदामातल्या गड्याला तो ठाऊक नव्हता. तो बसला. गडी आणि व्यवस्थापक दोघांनी मिळून त्याला वर ओढलं, खाली आणलं. व्यवस्थापक घामाने निथळत होता.

नटीबाई पुढे आल्या, पण बसेनात.

"खरं सांगू?" त्या हळूच म्हणाल्या. "गाठ पक्की आहे, दिसतंय मला. तरी भीती वाटते. तुमची."

"मलाही वाटते, बाई."

"दोराची?"

"दोराची कधीच नाही वाटली," तो म्हणाला. "तुम्हा सगळ्यांची वाटते."

नटीबाईंनी मान खाली घातली. मग फळीवर बसल्या.