चिनी गुलाबाची परीक्षा

सर्व संबंधितांना अत्यंत गांभीर्याने कळवण्यात येते की, पिपरी मेघेतल्या आमच्या माहेरच्या अंगणात फरश्यांमधल्या फटींत कोणते फूल लावावे, या प्रश्नाचा निकाल कसून घेतलेल्या परीक्षेनंतर लागलेला आहे. परीक्षक, माझी आई. निरीक्षक मी, उन्हाळ्यात खास त्यासाठी आर्वीहून आलेली. आणि परीक्षेचं यंत्र, माझी धाकटी भावजय. अंगाने चांगलीच भरलेली.

फरश्या बसवताना भावाने मुद्दाम चार-चार बोटं फट सोडून घेतली होती. सिमेंट तापतं, त्यापेक्षा मधे बुटकी फुलझाडं बरी, असं त्याचं मत. मत देऊन तो ऑफिसला गेला. मग आईने बुटका झेंडू लावला. नर्सरीवाल्याने बारीक पांढऱ्या फुलांची, जमिनीला चिकटून पसरणारी एक वेल दिली. आणि भावजयीच्या आईने आष्टीहून ओल्या फडक्यात गुंडाळून चिनी गुलाबाच्या काड्या पाठवल्या. भावजयीच्या लग्नाला सहा वर्षं झाली, पण या घरात तिच्या पसंतीची साधी वाटीसुद्धा आली नव्हती. निदान या फटी तरी आपल्या व्हाव्यात, हे तिच्या तोंडावर इतकं स्वच्छ लिहिलेलं होतं की मला राहवेना.

"आई, दिसायले तर सगळीच चांगली," मी म्हटलं. "पायाखाली टिकते कोणतं, ते पाहा."

"पण चालंन कोण?"

आम्ही दोघींनी एकदमच भावजयीकडे पाहिलं.

"हिच्या पायाखाली वाचलं, तर हत्तीच्या पायाखालीही वाचंन," आई म्हणाली. माझ्या नाकात चहा गेला.

रोज सकाळी दहा फेऱ्या, संध्याकाळी दहा. मी बंगईवर झोके घेत क्रिकेटसारखं समालोचन करायचे. शेजारच्या काकू गवारीच्या शेंगा घेऊन निवडायला आमच्याच ओट्यावर येऊ लागल्या.

"ताई, तुम्हीही या न एखादी फेरी," भावजय एकदा म्हणाली.

"माझ्यानं काय तुडवलं जाते वो? आम्ही फुलावानी."

झेंडू दुसऱ्याच दिवशी भुईसपाट झाला. वेलीला काही होईना. नवल केलं ते चिनी गुलाबाने. एवढ्या रसाळ, लेच्यापेच्या काड्या, पण सहाव्या दिवशीही उभ्या! वर एक गुलाबी फूलसुद्धा उमललं.

"पक्कं हाय वो हे!" काकू म्हणाल्या. भावजय माझ्याकडे पाहून हसली. सहा वर्षांत पहिल्यांदाच असेल.

तेव्हा मी नीट पाहिलं. चिनी गुलाबाची फट आली की ती साडी जरा उचलायची, चवडा अलीकडच्या फरशीवर टेकवायची आणि दुसरा पाय अलगद पलीकडे न्यायची. वेलीवर मात्र धप्पकन. मी गप्प बसू शकले असते. पण इतका रंगलेला खेळ फुकट घालवायचा?

"आई! ही चिटिंग करून राह्यली! पायच ठेवत नाई त्याच्यावर!"

आई ओट्यावरून खाली उतरली. "काऊन वो सूनबाई? आमच्याच घरात आमालेच फसवून राह्यली?"

"नाई आई... फूल आलं न त्याले, म्हणून..."

"मंग फुलावरच उभी राह्य. दोन्ही पायांनं."

गेटजवळ भाऊ हेल्मेटचा पट्टा लावत होता. तो पट्टाच लावत राहिला.

ती उभी राहिली. काड्या फुटल्याचा ओला आवाज आला, काकडी चावल्यासारखा. मी मोठ्याने आकडे मोजायला लागले. एक, दोन, तीन. काकूंनी शेंगा खाली ठेवल्या. मी दहापर्यंत गेले. पुढे काय करायचं ते काही ठरलेलं नव्हतं. बाजूला हो, असं आई म्हणेना, मीही म्हणेना. भावजय कंपाउंडच्या भिंतीकडे पाहत तशीच उभी. चपलेच्या कडेने गुलाबी पाणी फरशीवर आलं. मग खाली न बघताच तिने विचारलं,

"आई, मेलं का ते? का अजून उभी राहू?"